कुसळ नसलेली लोकर

लोखंडी सळईची चौकट, मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
मार्डीच्या लोहाराकडून करून घेतलेली.
पाठमोरं व्हायचं, डोळे मिटायचे
आणि खांद्यावरून मागं फेकायची.
पडेल तिथं गुडघ्यावर बसून मोजायचं:
काड्या किती, जाती किती, उघडी माती किती.
या कामाचे मला दिवसाला साडेचारशे मिळतात.

चौकट पहिली. तारेच्या आत.
पवन्या नऊ ठोंब, मारवेल चार,
कुसळी इतकी की मोजता मोजता पँटीला टोचली.
चंडोलाची रिकामी वाटी, पिलं उडून गेलेली;
तिच्यासाठी रकाना नव्हता, समासात लिहिली.

चौकट दुसरी. बाहेर, चाळीस पावलांवर.
मुरूम.
तरवडाचं झुडूप, त्याला कुणी तोंड लावत नाही.
खुरांचे ठसे एकात एक, वाळून खापरासारखे.
लेंड्या मोजायच्या नव्हत्या, तरी मोजल्या: सदतीस.
गवत: एकच ठोंब, खुडलेला, फुटलेला, पुन्हा खुडलेला,
दाढीच्या झिजलेल्या ब्रशासारखा.

धुळा हाके घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन
मघापासून बघत होता.
"काय मोजतायसा? ऱ्हायल्यालं, का गेल्यालं?"
ऱ्हायलेलं, मी म्हटलं.
"मग लवकर सुटणार की आज."
त्याची मेंढरं चौकटीतून चालत गेली.

मी त्याला सांगणार होतो
की गवत जेवढं वर तेवढंच खाली असतं,
वरचं सारखं खुडलं की खालचंही आखडतं,
मग पाऊस मुरत नाही, वरच्या वर पळतो
आणि जाताना बोटभर माती ओढ्याला घालतो.
मला हे फळ्यावर शिकवलं होतं, दोन दिवसांत, जेवणासह.
तो म्हणाला, "त्ये काय मला ठावं न्हाई व्हय?"

आणि काठीनं जमिनीवर रेघ ओढली.
हितनं बार्शीच्या अंगाला, तितनं वर बालाघाटात,
आठ महिन्यांनी माघारी. तवर माळ उठून बसायचा.
रेघेवर आडवी फुली: ऊस.
दुसरी: सौर पॅनेल, गेट, शिट्टीवाला.
तिसरी काढताना माझ्याकडं बघितलं: तुमची तार.
उरली ती रेघ नव्हती, गाठ होती.
"ह्यातच फिरा म्हंत्यात. फिरतोय."

संध्याकाळी त्याच्या पालावर चहा.
कातरलेली लोकर पुढ्यात घेऊन सून बसली होती, तायव्वा.
तिच्या सासूच्या काळात कुसळं वेचताना
बोटं रक्ताळायची, दिव्यातलं तेल सरायचं, शिव्या सरायच्या नाहीत.
मेंढरांच्या ओठांत घुसायची ती, कातड्यात घुसायची,
एका कोकराचं बुबुळ पांढरं झालं होतं.
जळो मेलं कुसळ, म्हणायची म्हातारी, रोज.

तायव्वा लोकरीवरून हात फिरवते.
गोखरूचे चार काटे, बस्स.
"औंदा येक बी न्हाई," म्हणते,
तरी हात थांबत नाही, उलट्या अंगानं पुन्हा,
सुई पडल्यावर चाचपतात तसा.

तेव्हा धुळाला माझी पँट दिसली.
दुसऱ्याचं कुसळ दिसणारच, असं काहीतरी मी बोललो,
कुणी हसलं नाही.
त्यानं दोन बोटांनी एक उपटलं,
जिभेवर ओलं केलं, सुनेच्या तळहातावर ठेवलं.
ओल लागली तसं ते वळायला लागलं,
हळू, अर्धा फेरा, मग आणखी थोडं,
हातालाच जमीन समजून.

"कुटं टाकू?" तिनं विचारलं.
चारी बाजूंना मेंढरं बसली होती, रवंथ करत.
धुळानं चहाचा गाळ ओतला.

मी चौकट उचलली.
उद्या आणखी अठरा टाकायच्यात.